रेल्वे मागताना थांबा आणि वेळही मागूया

पुणे-नाशिक रेल्वेचं नाव निघालं की आपल्या जुन्नर-आंबेगावात एकच प्रश्न येतो: गाडी आपल्याकडून जाणार की नाही? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा बायकांनीच विचारायला हवा, असं आम्हाला वाटतं. त्याबद्दल आज बोलू.

आज पुण्याहून नाशिकला थेट रेल्वेमार्ग नाही. रेल्वेनं जायचं तर एकतर लोणावळ्याचा घाट उतरून कल्याण गाठायचं आणि कसाऱ्याचा घाट परत चढायचा, नाहीतर दौंड-मनमाडचा वळसा घ्यायचा. त्यामुळे ओझर, नारायणगाव, मंचरचा सगळा भार एकाच हमरस्त्यावर पडतो. कॉलेजच्या मुली, चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायका, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, टोमॅटोचे क्रेट आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं त्याच रस्त्यानं जातं. चाकणला गाडी अडकली की किती वेळ अडकेल ते कुणी सांगू शकत नाही.

ही मागणी कित्येक वर्षांची आहे. जून २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयानं या मार्गाला तत्त्वतः मंजुरी दिली. काम राज्य आणि रेल्वे यांच्या भागीदारीतल्या महारेल कंपनीकडे होतं. लांबी सुमारे २३५ किलोमीटर, वेग ताशी २०० किलोमीटर, स्थानकं २४. त्यात चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर ही आपल्या ओळखीची नावं होती. मोजण्या झाल्या, काही ठिकाणी जमिनीची खरेदीखतंही झाली. आणि मग गाडी खोडदच्या दुर्बिणीपाशी अडली.

खोडदला आपल्यापैकी कितीतरी जणी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला मुलांना घेऊन गेल्या असतील. तिथल्या त्या मोठ्या तबकड्या म्हणजे जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ खोडदच्या आसपास, बाकीच्या १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. या दुर्बिणीला डोळा नाही, कान आहे असं समजा. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ती ऐकते. घरात रेडिओ लावलेला असताना मिक्सर सुरू केला की कशी खरखर होते? विजेवर चालणारी रेल्वे २५,००० व्होल्टच्या तारेला घासत जाते, मध्ये ठिणग्या उडतात, आणि तीच खरखर या कानाला होते. गाडीतल्या शेकडो मोबाईलची भर वेगळीच. म्हणून शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी या कारणानं जुना मार्ग शक्य नसल्याचं सांगितलं आणि अहिल्यानगर-शिर्डीवरून जाणारा मार्ग पुढे आला. तेव्हापासून खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांतून मूळ मार्गासाठी निवेदनं, सभा, आंदोलनं चालू आहेत.

आम्हाला एक स्पष्ट सांगायचंय. दुर्बीण आपली वैरीण नाही. तिच्यामुळे आपल्या तालुक्याचं नाव जगात घेतलं जातं. तेव्हा 'दुर्बीण हलवा' असं ओरडण्यापेक्षा विचारावं की तबकड्यांपासून किती अंतरावरून गेलं तर चालेल, तेवढा पट्टा बोगद्यातून नेता येईल का, आणि याचा अभ्यास झाला असेल तर तो लोकांसमोर का ठेवत नाही. अशा प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

आता तो उरलेला अर्धा प्रश्न. समजा उद्या मार्ग मंजूर झाला. ताशी दोनशेनं धावणारी गाडी नारायणगावला थांबणार का? दिवसातून किती वेळा? तिचं भाडं रोज कामाला जाणाऱ्या बाईला परवडणार का? रूळ आले म्हणजे सोय आली असं नसतं. डहाणूवरून जाणारे रूळ शंभर वर्षांहून जुने, पण चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली एप्रिल २०१३ मध्ये, तीही प्रवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. आपल्याच जिल्ह्यातल्या दौंडचं पाहा. मार्गावर विजेच्या तारा आल्या, लोकांनी लोकल मागितली, आणि २०१७ मध्ये मिळाली ती डिझेलवर चालणारी डेमू. पुणे-लोणावळा मार्गावर तर लोकल १९७८ पासून आहे, तरी दुपारी गाड्यांमध्ये मोठी खंड पडते ही तक्रार तिथले प्रवासी किती वर्षं करत आले. दुपारी घरी परतायचं कुणाला असतं? सकाळच्या पाळीच्या बाईला, भाजी विकून उठलेल्या बाईला, शाळा सुटलेल्या पोरीला. वेळापत्रक करताना त्या कुणाच्या डोळ्यांसमोर नसतात.

म्हणून आपल्या मागणीत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: जलद गाडीबरोबर सगळ्या स्थानकांवर थांबणारी साधी गाडी, तिच्या सकाळ-दुपार-संध्याकाळच्या वेळा, आणि महिलांचा डबा. मुंबईत १९९२ पासून फक्त बायकांसाठी अख्खी लोकल धावते, तेव्हा डबा मागणं काही जगावेगळं नाही.

हे मांडायला आकडे लागतात, आणि ते गोळा करणं बचत गटाला सहज जमतं. आठ दिवस दोघी-दोघींनी आळीपाळीनं एस.टी. थांब्यावर बसावं. किती बाया चढल्या, कुठे निघाल्या, किती वेळ थांबल्या, वहीत लिहावं. ओझरला संकष्टीला आणि माघी गणेश जयंतीला भाविकांची गर्दी होते, त्या दिवसांची नोंद वेगळी ठेवावी. मग ग्रामसभेआधी जी महिलांची सभा घ्यायची असते, तिच्यात हा विषय घेऊन ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. त्याची प्रत खासदारांना, रेल्वे मंत्रालयाला आणि महारेलला पाठवावी. नवा मार्ग मंजूर करणं दिल्लीच्या हातात असतं, म्हणून नुसतं तहसीलदारांना निवेदन देऊन भागत नाही. काम कुठवर आलं ते विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं.

जमीन जाणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना. मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर जातो. लेकी-सुनांचा हक्क असूनही नाव लागलेलं नसेल, तर मोजणीची नोटीस यायच्या आत तलाठ्याकडे वारसनोंद तपासून घ्या. पैसे वाटून झाल्यावर भांडण कोर्टात जातं आणि वर्षं जातात.

वेळ किती लागेल? अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडला पहिली गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या तीस वर्षांत तिथल्या लोकांनी मागणी सोडली नाही. आपल्या गटातल्या अध्यक्ष-सचिव बदलतील, म्हणून निवेदनाची प्रत, शिक्का मारलेली पोच आणि ती वही एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि पदभार देताना पासबुकाबरोबर ती फाईलही पुढच्या बाईच्या हातात द्या.