क्लक की पट?

ढग गडगडले की मोर ओरडतो, हे तुम्ही ऐकलंच असेल. मोराच्याच कुळातला एक मोठा पक्षी उत्तर अमेरिकेच्या जंगलांत राहतो. ढग गडगडले की तोही ओरडतो. पण त्याचं तेवढ्यावर भागत नाही! घुबड घुमलं, कावळा कोकलला, इतकंच काय, कुणी मोटारीचं दार धाडकन लावलं, तरी हा पठ्ठ्या झाडावरून ठणकावून उत्तर देतो: गॉबल-ऑबल-ऑबल!

हा आहे रानटर्की. नर पाच ते दहा किलोपर्यंत भरतो, मादी त्याच्या निम्म्याने. नराच्या छातीवर राठ केसांसारखी दाढी लोंबते. डोक्यावर पिसं नसतात. तिथली उघडी कातडी लाल, पांढरी आणि निळी दिसते. एवढा जड पक्षी, पण रात्री झोपतो मात्र उंच झाडावर.

अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. आता गंमत ऐका. या शिकाऱ्याच्या हातात बंदूक असली, तरी त्याचं खरं काम चालतं कानाने! कारण टर्कीची नजर फार तिखट. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान जराशी वळवली की तिला चौफेर दिसतं. दबकत दबकत तिच्याजवळ जाणं जवळजवळ अशक्यच. म्हणून शिकारी झाडाला पाठ टेकून गप्प बसतो आणि टर्कीच्या बोलीत हाका मारून तिलाच जवळ बोलावतो. त्यासाठी आधी ती बोली यायला हवी ना?

दिवसभराची बोली

फ्लोरिडातले शास्त्रज्ञ लव्हेट विल्यम्स यांनी रानटर्कीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी या पक्ष्याचे २८ वेगवेगळे आवाज नोंदवले. आपण त्यातले मुख्य मुख्य ऐकू या, अगदी उजाडल्यापासून.

पहाटे माद्या फांदीवर बसल्याबसल्या हळू आवाजात बोलतात. याला म्हणतात ‘ट्री येल्प’. जणू त्या विचारतात, ‘जागे झालात का सगळे?’ तेवढ्यात नर ‘गॉबल’ करतो. हवा शांत असेल तर ही आरोळी दीड किलोमीटरवरही ऐकू जाते. ‘मी इथे आहे!’ हे ती माद्यांना सांगते आणि दुसऱ्या नरांनाही. उजेड वाढला की झाडावरून खाली झेपावताना ‘कॅकल’, म्हणजे भराभर कलकलाट.

जमिनीवर उतरल्यावर मादीची नेहमीची हाक म्हणजे ‘येल्प’: ‘याँक, याँक, याँक’. प्रत्येक ‘याँक’मध्ये दोन सूर असतात. आधी उंच आणि स्वच्छ, मग खालचा आणि खरखरीत. कळप दाणे, किडे टिपत निवांत चालला असेल, तर मांजराच्या गुरगुरीसारखी हलकी ‘पर्र’ ऐकू येते. पण दोन नर भांडायला उठले की हीच पर्र जोरात आणि कर्कश होते.

नर पिसारा फुलवून मिरवतो, तेव्हा एक वेगळाच आवाज येतो. आधी छोटासा ‘प्फट्’ आणि लगेच खोल, घुमणारा ‘म्मम्’. हा सूर इतका खालचा असतो की पुष्कळांना तो ऐकूच येत नाही. आणि शरद ऋतूत कळप पांगला की चुकलेली पिल्लं उंच शीळ घालतात: ‘की, की, की!’ म्हणजे, ‘आई, कुठे आहेस?’

हे सगळे आवाज निघतात कुठून? आपलं स्वरयंत्र गळ्यात असतं. पक्ष्यांचं मात्र खाली छातीत, श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असतं.

दोन आवाज, फरक थोडासा

आता सगळ्यात अवघड परीक्षा. ‘क्लक’ हा एकच छोटा, मऊ सूर असतो. दोन क्लकांच्या मध्ये टर्की वेळ घेते. त्याचा अर्थ, ‘मी इथे आहे, ये इकडे.’ ‘पट’ हाही एकच छोटा सूर, पण टणक आणि धारदार. त्याचा अर्थ, ‘धोका!’

नुसत्या कानाला दोन्ही सारखेच वाटू शकतात. म्हणून जाणकार शिकारी टर्कीच्या मानेकडेही बघतात. क्लक करणारी टर्की आरामात असते, मध्येच मान खाली घालून दाणा टिपते. पट करणारीची मान ताठ, काठीसारखी सरळ. एकीने पट केलं की अख्खा कळप जागीच थबकतो आणि बघता बघता नाहीसा होतो. शिकाऱ्याने क्लक करायला जाऊन सूर जरा जास्त कडक लावला, तर तो स्वतःच टर्कींना ‘पळा!’ असं सांगून मोकळा होतो.

पाटी, खडू आणि हाड

टर्कीचा आवाज काढायला शिकाऱ्यांकडे खास साधनं असतात. त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडांची नळी. अमेरिकेतले मूळ रहिवासी ती वापरत. ती फुंकायची नाही बरं का, ओठांनी हवा आत ओढायची!

दुसरं साधन म्हणजे लांबट लाकडी पेटी. तिच्यावर फिरणारं झाकण असतं. आर्कान्सा राज्यातल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं. झाकणाच्या खालच्या बाजूला खडू चोळायचा आणि झाकण पेटीच्या पातळ कडेवर घासायचं. खडूमुळे लाकूड क्षणभर चिकटतं, सुटतं, परत चिकटतं, परत सुटतं. हे एका सेकंदात शेकडो वेळा घडतं. त्याने कड थरथरते, आतली पोकळी तो आवाज मोठा करते आणि ‘याँक’ उमटतं! व्हायोलिनच्या तारेवर गज ओढल्यावर हेच घडतं.

तिसरं साधन आहे पाटीच्या दगडाची छोटी गोल तबकडी. तिच्यावर लाकडी काडी टेकवून घासायची. पाटीवर पेन्सिल कुरकुरते ना, ती कुरकुर इथे कामाला येते.

पण साधन कितीही चांगलं असलं, तरी एक अडचण उरतेच. टर्कींमध्ये नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच बोलावतो, म्हणजे रीतच उलटी! मग नर दुरूनच गॉबल करत उभा राहतो, ‘तूच ये की!’ अशा वेळी मुरलेला शिकारी आणखी हाका मारत नाही. तो गप्प बसतो. ती मादी गेली कुठे, हे बघायला नर कधी कधी आपणहून पुढे येतो.

इथे एक फार महत्त्वाचा नियम आहे: नुसत्या आवाजावर बंदूक कधीही चालवायची नाही. झुडपामागून येणारा येल्प दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो! पक्षी पूर्ण दिसला आणि त्याची दाढी दिसली, तरच पुढचा विचार. कारण बहुतेक राज्यांत वसंतात दाढीवाल्या टर्कीचीच शिकार करता येते. शिकारी लाल, पांढरे, निळे कपडेही घालत नाहीत. नराच्या डोक्याचे रंग तेच, नाही का?

आई नसेल तर?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे रानटर्की संपत आल्या होत्या. लोकांनी पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं जंगलात सोडली. ती टिकली नाहीत. ‘पट’ ऐकलं की पळायचं, कशाला घाबरायचं आणि कुठे लपायचं, हे शिकवायला त्यांना आईच नव्हती. पुढे १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेसारख्या नळ्यांनी कळपावर जाळं फेकून खऱ्या रानटर्की पकडायला सुरुवात झाली. या टर्की नव्या जंगलांत सोडल्या आणि तिथे त्या वाढल्या. आज अलास्का सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात रानटर्की आहेत.

ही शिकवणी तर अंड्यातच सुरू होते. जो हटो नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने फ्लोरिडात रानटर्कीची अंडी उबवणी यंत्रात ठेवली आणि रोज त्या अंड्यांशी टर्कीच्या बोलीत गप्पा मारल्या. पिल्लं बाहेर आली ती त्याचा आवाज ओळखतच! त्यांनी त्यालाच आई मानलं. पुढे ती त्याच्या मागे मागे रानभर फिरली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ते चांगलंच आहे. पण पक्ष्यांची बोली शिकायला बंदूक लागतेच कुठे? तुमच्या गावात, आजोळी कोंबड्या असतील, तर त्या टर्कीच्याच कुळातल्या. दाणा सापडल्यावर कोंबडी पिल्लांना कशी बोलावते आणि वर घार दिसली की कशी ओरडते, हे नीट ऐका. कोंबड्या नसतील तर कावळा, साळुंकी, चिमणी आहेच. एक वही करा. तीत प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आवाज कसा होता, तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं आणि तो ऐकून बाकीच्या पक्ष्यांनी काय केलं. महिनाभर लिहा, आणि तुम्ही ओळखलेल्या आवाजांची यादी आम्हाला नक्की पाठवा!