जिथे चूक, तिथेच दुरुस्ती

वेबसाइटवरची एक चुकलेली वेलांटी सुधारायची, तर अ‍ॅडमिनमध्ये शिरा, यादीतून पान शोधा, फॉर्म उघडा, सेव्ह करा, परत येऊन बघा. हा द्राविडी प्राणायाम टाळायला २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ या वेबसाइट-व्यवस्थापन सॉफ्टवेअरने 'क्विक एडिट' मूळ पॅकेजमध्येच दिलं. पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करा, मजकुरावर कर्सर ठेवा, तिथेच टाइप करा. सेव्ह करेपर्यंत बदल सर्व्हरवर तात्पुरता बाजूला राहतो, वाचकांना जुनंच दिसतं. अशा संपादनामागची ब्राउझरची सोय, म्हणजे 'कन्टेन्टएडिटेबल', तर इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये २००० सालीच आली होती!

गोम वेगळीच आहे. एकच शीर्षक मुख्यपानावर, यादीत, शोधातही दिसतं. एका जागी बदललंत की सगळीकडे बदलतं, आणि नवख्या संपादकाला याचा पत्ताच नसतो.

२०२२ च्या ड्रुपल १० मध्ये क्विक एडिट मूळ पॅकेजमधून गेलं. वेगळं मॉड्यूल म्हणून मात्र बसवता येतं. शुद्धलेखनापुरतं झकास, पण मोठ्या फेरफारांना आपला जुना फॉर्मच बरा. तुम्ही काय वापरता? कमेंटमध्ये सांगा.