गो-कार्ट : भाग आणि समग्र

मित्रहो, आता गो-कार्टचं उदाहरण घेऊ. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली असं मानतात. आज अभियांत्रिकीची मुलं ती गटाने बनवतात.

या गाडीला सस्पेन्शन नसतं, डिफरेन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की. म्हणजे ती सारख्याच वेगाने फिरणार. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग गाडी वळते कशी? तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटावं लागतं. हे काम स्टिअरिंगची भूमिती आणि फ्रेमला बसणारा पीळ, दोघं मिळून करतात.

आता पाहा, फ्रेमवाला म्हणाला ‘माझी नळी भक्कम’, स्टिअरिंगवाला म्हणाला ‘माझा कोन बरोबर’, तरी गाडी नीट वळेलच असं नाही. भाग निर्दोष आणि समग्र सदोष, असं होऊ शकतं!

म्हणून आपण म्हणू, कामं वाटून घ्यावीत, जबाबदारी वाटून घेऊ नये. वेल्डिंग एकाने केलेलं असतं, गाडीत बसणारा दुसराच असतो. ‘हा जोड तपासला का?’ असं त्याने विचारलं, तर गटातल्या प्रत्येकाला उत्तर देता आलं पाहिजे.