भजनाला बसण्याआधी बोर्ड बघा

भजनी मंडळ म्हणजे पेटी, तबला आणि टाळ, एवढंच आता राहिलेलं नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पुढे इलेक्ट्रॉनिक तबला, कीबोर्ड, मिक्सर अशी सगळी फौज गावोगावच्या महिला मंडळांत आली. सोय झाली हे खरंच. पण पेटीचा भाता फाटला तर चिकटवता येतो, यंत्राचं कार्ड जळलं की खर्चाचा आकडा ऐकूनच घाम फुटतो.

आमच्या तालुक्यातल्या एका मंडळाच्या बायकांनी बचतीच्या पैशातून कीबोर्ड घेतला. नवरात्रात कार्यक्रम होता. हॅलोजन, कूलर, साऊंड सगळं एकाच जनरेटरवर. मधेच कुणीतरी हॅलोजन एकदम बंद केले आणि कीबोर्डातून जळका वास आला. मंडपवाले म्हणाले, "वहिनी, मशीनच हलकं असेल!" मला काही हे पटेना. ओळखीच्या वायरमनभाऊंना गाठलं.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. लहान जनरेटरवरचा मोठा लोड एकदम निघाला की व्होल्टेज क्षणभर उसळतं. दुसरा धोका याहून वाईट. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार सैल झाली, तर एखाद्या फेजवर व्होल्टेज पार साडेतीनशेच्याही वर चढू शकतं. काही दिवे अचानक लख्ख आणि काही मंद झाले, तर समजावं की न्यूट्रल गेला. अशा वेळी अभंग अर्धा राहिला तरी चालेल, प्लग आधी काढायचा.

म्हणून आमच्या मंडळाने मल्टीमीटर घेतला. काही शे रुपयांत येतो. वायरमनने मोजून दाखवल्याशिवाय आमचा प्लग बोर्डात जात नाही. ज्या तानपुऱ्यात सेलची सोय आहे, तो आम्ही सेलवरच लावतो. लाईट गेली की सगळी बटणं बंद, कारण परत येतानाचा झटका फार वाईट. सुरू करताना मिक्सर आधी आणि अँप्लिफायर शेवटी. बंद करताना उलटं, नाहीतर 'धप्प' आवाजाने स्पीकर बिघडतो.

अडॅप्टरचीही एक गंमत आहे. पिन बसली म्हणजे तो आपलाच, असं नसतं! व्होल्ट वेगळे असतात, प्लस-मायनसही उलटे असू शकतात. त्यावर नेलपॉलिशने खूण करा. लाल खुणेचा तानपुऱ्याचा, गुलाबी कीबोर्डाचा.

आता जिवाची गोष्ट. आपण अनवाणी बसतो, खाली ओली जमीन आणि माईक ओठाशी. स्पीकर घरघरतो म्हणून काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे अजिबात करू देऊ नका. माईकला झिणझिण्या आल्या तर दुर्लक्ष नको. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा गळती पकडणारा ब्रेकर आहे का, हे विचारायला लाजायचं कशाला?

कार्तिकातल्या काकडआरतीला दव पडतं. तेव्हा यंत्रावर प्लॅस्टिक नुसतं टाकून भागत नाही, खालूनही पाट हवा.

आणि हे सगळं सुपारी घेतानाच बोलायचं: साऊंडला वेगळी लाईन, कूलर-हॅलोजनला वेगळी. आम्ही कागदावर लिहूनच देतो. पहिल्या वर्षी मंडपवाले हसले होते. आता मीटरची पिशवी दिसली की त्यांचा पोऱ्या स्वतःच विचारतो, "काकू, आधी चेक करता का?"