जेराल्ड ऑन्जियर आणि नीमा पारख यांची अट

ईस्ट इंडिया कंपनीने १६६८ साली मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने घेतले. पुढच्याच वर्षी सुरतेच्या वखारीचा प्रमुख जेराल्ड ऑन्जियर तेथील गव्हर्नर झाला. हवा रोगट, वस्ती तुरळक. बंदर मात्र उत्तम. सुरतेत वीरजी व्होरा यांच्यासारख्या जैन सावकाराकडून कर्ज घेणाऱ्या या कंपनीस व्यापाऱ्यांवाचून बंदर व्यर्थ, हे ठाऊक होते. ऑन्जियरने १६७२ साली मुंबईत न्यायालय स्थापिले आणि परधर्मीय व्यापाऱ्यांना अभय दिले.

१६७७ साली दीवचे वाणी व्यापारी नीमा पारख यांनी मुंबईत येण्यापूर्वी अटी घातल्या : धर्माचरणास मोकळीक असावी आणि आपल्या आवारात कोणीही जीवहत्या करू नये. कंपनीने त्या मान्य केल्या. त्याच वर्षी जूनअखेर ऑन्जियर सुरतेत निवर्तला. मायदेशाचे दर्शन त्यास पुन्हा घडले नाही.

कंपनीचे औदार्य हिशेबी होते, हे खरे. परंतु सौद्याआधी अहिंसेची अट मांडण्याचे धैर्य नीमाजींचे होते. बल्लारपूरसारख्या गावी परप्रांतातून येऊन पेढी मांडलेल्या घराण्यांनी ते ध्यानी ठेवावे. नव्या गावी भांडवलासोबत आचारही नेता येतो. मात्र तो पहिल्याच बोलणीत स्पष्ट सांगावा लागतो.