मोटारीची कमान बदलताना

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग रुंद, सपाट आणि सावलीचा आहे. दूरदर्शन भवन आणि जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्याने दिल्लीतील मराठी माणसाच्या तो परिचयाचा असतो. अशा रस्त्यावर दहा वर्षे वापरलेली मोटारही कुरकुर न करता धावते. तीच मोटार सुट्टीत माणसे आणि सामान घेऊन सुमारे १,४०० किलोमीटरवरील पुण्याला निघाली, की मात्र तिचे वय उघडे पडते. गतिरोधकावरून उतरल्यावर मागचा भाग दोनतीनदा हेलकावतो, वळणावर गाडी एका अंगाला कलते, खड्ड्यात चाक गेले की खालून खडखडाट ऐकू येतो. मग कमानी आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचे ठरते. पण ते कोणते घ्यावेत? गाडीबरोबर आले होते तसेच, की बाजारात मिळणारे दुसऱ्या बनावटीचे? याचे उत्तर शोधण्यापूर्वी या भागांचे कार्य समजून घेणे अवश्य आहे.

कमानीचा गुण टांग्याच्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे. भार पडला की ती दबते, भार उतरला की मूळ रूपावर येते. जितका भार, त्या प्रमाणात दबणे, हा नियम रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये विवरून सांगितला. परंतु कमान घेतलेला धक्का गिळून टाकीत नाही. तो परत करते. ती एकटीच असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ झुलत राहिली असती. हे झुलणे थांबविण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत ‘शॉकअप’चे. त्याच्या नळीत तेल असते, त्यात दट्ट्या वरखाली सरकतो आणि तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. या विरोधामुळे झुलण्यातील शक्तीची उष्णता होते आणि गाडी स्थिरावते. तात्पर्य, धक्का झेलते ती कमान आणि कमानीला आवरतो तो शॉक ॲब्सॉर्बर.

ही सारी योजना बसणाऱ्यांच्या सुखासाठी आहे, अशी कित्येकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मोटार रस्त्याला टेकते ती चार टायरांच्या, जवळजवळ तळहाताएवढ्या चार भागांवर. ब्रेक लागणे, वळणे, सावरणे हे सर्व तेथील घर्षणावर अवलंबून असते. शॉक ॲब्सॉर्बर झिजून चाक उड्या मारू लागले, तर ते जितका वेळ अधांतरी, तितका वेळ त्याचा ब्रेक निरुपयोगी. ओल्या महामार्गावर किंवा घाटाच्या उतरणीवर त्या निमिषाची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून सुटा भाग निवडताना पहिला प्रश्न ‘बसायला मऊ लागेल का?’ हा नसून ‘चाक रस्ता सोडणार नाही ना?’ हा असला पाहिजे.

दुसरी समजूत अशी, की कडक ते मजबूत. वस्तुतः कमान आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची जोडी जमवावी लागते. कमान दीडपट कडक बसविली आणि शॉक ॲब्सॉर्बर मूळच्याच ताकदीचा ठेवला, तर गणिताने त्याचा आवर पूर्वीच्या सुमारे ८२ टक्केच उरतो. सर्वसाधारण मोटारीचा सांगाडा सेकंदाला एक ते दीड वेळा झुलेल, अशा बेताने कमानी निवडलेल्या असतात. कमान फार कडक झाली, की ही गती वाढते, अंगाला हादरे बसतात आणि खडबडीत रस्त्यावर चाकही नीट टेकत नाही.

गाडी उंच दिसावी म्हणून कमानीच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे बसविणे किंवा ती ठेंगणी दिसावी म्हणून वेढे कापणे, हे दोन्ही उपाय घातक आहेत. ठोकळ्याने काही वेढे हलेनासे होतात आणि त्यांचा ताण उरलेल्यांवर पडतो. कापलेली कमान आपल्या बैठकीत नीट बसत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करण्यास मनाई करते, याचेही विस्मरण होऊ नये.

खरेदीपूर्वी निदान व्हावे. खडखडाट पुष्कळदा शॉक ॲब्सॉर्बरचा नसतोच. फाटलेला रबरी बुश, ढिला बॉल जॉइंट किंवा झिजलेला लिंक रॉड त्याला कारण असतो. नळीवर तेल ओघळले असेल, टायर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखा झिजला असेल, तर मात्र शंका शॉक ॲब्सॉर्बरकडे वळते. शेकडा रुपयांचा बुश न बदलता हजारांचा शॉक ॲब्सॉर्बर घेणारा गृहस्थ पैसे खर्चूनही आवाज घरी घेऊन येतो.

काश्मिरी गेटसारख्या सुट्या भागांच्या मोठ्या बाजारात एकाच भागाच्या अनेक बनावटी समोर येतात. बाहेरची बनावट म्हणजे हलकी, असे मात्र नव्हे. मोटार कंपन्या बहुतेक शॉक ॲब्सॉर्बर स्वतंत्र कारखान्यांकडून घेतात. १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया मोटार कंपन्यांनाही माल पुरविते आणि स्वतःच्या नावानेही विकते. अशा नामांकित बनावटीचा, गाडीच्या नेमक्या नमुन्याला व वर्षाला लागू पडणाऱ्या क्रमांकाचा भाग पक्क्या पावतीवर घ्यावा. बिननावाचा स्वस्त भाग टाळावा. एका आसाची डावी-उजवी दोन्ही अंगे एकदमच बदलावीत. एक नवे आणि एक जुने असले, तर जोरात ब्रेक लावताना वा वळताना गाडीचा तोल दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. काम संपल्यावर चाकांची सरळता तपासून घ्यावी.

शेवटी, परीक्षा कोपर्निकस मार्गावर घेऊ नये. तेथे वाईट शॉक ॲब्सॉर्बरही उत्तीर्ण होतो. नेहमीइतकी माणसे गाडीत बसवून, नेहमीच्या खराब रस्त्यावर, बेताच्या वेगाने ती एकदा चालवून पाहावी. एका हेलकाव्यात ती स्थिरावली आणि ब्रेक लावताच सरळ रेषेत थांबली, तर निवड योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही.