कंदवर्गीय फुलझाडांची पर्णजीर्णता

जमिनीखालील कंदापासून वाढणाऱ्या फुलझाडांचा बहर ओसरल्यावर त्यांची पाने टोकाकडून पिवळी पडत जाऊन अखेरीस वाळतात. या क्रमिक अवस्थेस पर्णजीर्णता म्हणतात. निशिगंध व हिपिॲस्ट्रम यांचे पापुद्र्यांचे कंद, तसेच ग्लॅडिओलसाचा भरीव दृढकंद ही अशा साठवणीच्या भूमिगत खोडांची उदाहरणे होत. पिवळी पाने ताटव्यात विशोभित दिसतात, म्हणून ती लगेच कापण्याची प्रथा अनेक बागांत आढळते. परंतु पुढील हंगामाची फुले बव्हंशी याच पानांवर अवलंबून असल्याने ती केव्हा काढावीत हा प्रश्न शोभेपेक्षा उत्पादनाचा अधिक आहे.

शरीरक्रिया : जीर्ण होणारे पान निरुपयोगी झालेले नसते. हिरवे असेतो ते प्रकाशसंश्लेषणाने शर्करा तयार करते व ती परिकाष्ठातून कंदाकडे जाऊन स्टार्च वा अन्य कार्बोहायड्रेटांच्या रूपात साठते. पान पिवळे होऊ लागले म्हणजे हरितद्रव्य व प्रथिने यांचे विघटन होते आणि त्यांतील नायट्रोजन, तसेच फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही चल मूलद्रव्ये कंदात परत नेली जातात. कॅल्शियम मात्र पानातच राहते. एथिलीन व ॲब्सिसिक अम्ल ही वनस्पति-हॉर्मोने या क्रियेस चालना देतात, तर सायटोकायनिने ती लांबवितात. पिवळेपणा हे अशा प्रकारे पानातील साठा कंदात उतरत असल्याचे लक्षण होय. हिरवी किंवा अर्धवट पिवळी पाने कापल्यास कंद लहान राहतो आणि पुढील वर्षी नुसती पाने येऊन फुले येत नाहीत.

कांद्याचे उदाहरण : पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्यात मोडत असले, तरी हा परिसर कांद्याचा असून चाकणची कांद्याची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. याच तालुक्यातील राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ती १९९४ मध्ये नाशिक येथे स्थापन झाली, १९९८ मध्ये राजगुरुनगरला हलविण्यात आली आणि २००८ मध्ये तिचे संचालनालयात रूपांतर झाले. रब्बी कांदा पक्व झाला म्हणजे पात मानेपाशी मऊ होऊन आडवी पडते. यास ‘माना पडणे’ म्हणतात. सु. ५० टक्के माना पडल्यावर काढणी करतात. काढलेला कांदा पातीसह ३ ते ५ दिवस शेतात अशा रीतीने पसरतात की, एका ओळीतील कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जावेत. या काळात पातीतील उरलेली द्रव्ये कांद्यात उतरतात व मान सुकून बंद होते. त्यानंतरच २ ते २·५ सेंमी. मान राखून पात कापतात आणि कांदा सावलीत सुकवितात. मान ओली असताना पात कापल्यास तेथून रोगजंतूंचा शिरकाव होऊन कांदा चाळीत सडतो. खरीप कांद्याची वाढ काढणीपर्यंत चालूच राहत असल्याने त्याच्या माना आपोआप पडत नाहीत, म्हणून काढणीपूर्वी २–३ दिवस पिकावरून रिकामे पिंप फिरवून त्या पाडतात. हा कांदा रब्बी कांद्याइतका टिकत नाही. शेतात पाळला जाणारा हा नियम बागेतील कंदांनाही लागू पडतो.

बागेतील निगा : फुले सुकताच फक्त फुलोऱ्याचा दांडा कापावा, कारण बीजधारणेत अन्न खर्च होते. पाने तशीच ठेवावीत. ती हिरवी असेतो पाणी व पोटॅशयुक्त खत द्यावे. पिवळी पडू लागल्यावर पाणी क्रमाक्रमाने कमी करून शेवटी बंद करावे. पान पूर्ण वाळून हलक्या ओढीने सुटून आले म्हणजे ते काढण्यास योग्य झाले असे समजावे. पानांच्या गाठी मारणे किंवा वेणी घालणे इष्ट नाही, कारण त्यामुळे पृष्ठभाग झाकला जाऊन प्रकाश कमी मिळतो. थंड प्रदेशातील डॅफोडिलाची पानेही बहरानंतर निदान सहा आठवडे राखावीत, अशी शिफारस इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. पिवळी पाने दिसू नयेत यासाठी ताटव्याच्या कडेने चिनी गुलाबासारखी बुटकी फुलझाडे लावणे हा चांगला उपाय होय.

झाडाच्या प्रकाराप्रमाणे तपशील बदलतो. ग्लॅडिओलसाचे दांडे कापताना झाडावर किमान चार पाने राखतात आणि त्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी पाने पिवळी पडल्यावर दृढकंद काढून सावलीत सुकवितात. निशिगंधाचे कंद काढावयाचे असल्यास आधी पाणी तोडून पाने वाळू देतात. फुटबॉल लिलीची फुले उन्हाळ्याच्या अखेरीस येतात व त्यांच्या मागून येणारी पाने पावसाळाभर अन्न साठवितात. म्हणून हिवाळ्यात ती स्वतः वाळेपर्यंत त्यांस हात लावू नये. रस्त्यांच्या दुभाजकांवर व कारखान्यांच्या आवारांत सर्रास लावली जाणारी स्पायडर लिली पाणी मिळाल्यास वर्षभर हिरवी राहते. तिची फक्त बाहेरील वाळलेली पाने काढावीत, सबंध गड्डा छाटू नये.

रोगट पाने : नैसर्गिक जीर्णता सर्वांत जुन्या, बाहेरील पानाच्या टोकापासून सुरू होऊन खाली सरकते. याउलट ऐन वाढीत आलेला पिवळेपणा, एका बाजूस वाकलेली पाने, जांभळट वा तपकिरी ठिपके, मऊ पडलेली मान आणि दुर्गंधी ही रोगाची चिन्हे होत. फ्युजेरियम कवकामुळे ग्लॅडिओलसाची पाने अकाली पिवळी पडून दृढकंद कुजतो. अशा वेळी वाट न पाहता ठिपके पडलेली पाने कापून नष्ट करावीत आणि कंद कुजला असल्यास सबंध झाड उपटून जाळावे. ते खताच्या खड्ड्यात टाकू नये व वापरलेली कात्री निर्जंतुक करावी. निरोगी झाडाची वाळलेली पाने मात्र कंपोस्ट खतास उपयोगी पडतात. पावसाळ्यात ती ताटव्यात कुजत ठेवल्यास गोगलगायींना आसरा मिळतो, म्हणून ती वेळीच गोळा करावीत.